आधी मुक्काम, मग रस्ता

मागच्या महिन्यात एक तरुण माझ्या गॅरेजवर आला. नोकरी पुण्यात, घर इथंच, फलटणला. गाडी साडेतीनशे सीसीची, दोन वर्षांची. "काका, गाडी लेहला न्यायचीय. अशी सर्व्हिसिंग करून द्या की वाटेत काही निघायला नको," म्हणाला. मी विचारलं, "किती दिवस काढलेस?" त्यानं मोबाइलवरचा तक्ता पुढं केला.

पहिल्या दिवशी फलटण ते अहमदाबाद, पावणेआठशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी जयपूर, आणखी साडेसहाशे. तिसऱ्या दिवशी चंडीगड, चौथ्या दिवशी मनाली, सहाव्या दिवशी लेह. तिथं चार दिवसांत खारदुंग ला, नुब्रा आणि पँगाँग उरकायचं आणि पाच दिवसांत घर गाठायचं. सोळाव्या दिवशी सकाळी ऑफिस. पोरानं मेहनत घेतली होती. पेट्रोलचा हिशेब, लॉजचे भाव, कोणत्या शहराला बायपास आहे, सगळं लिहिलेलं. पंधरा दिवसांचे पंधरा रकाने गच्च भरलेले होते. मोकळा एकही नव्हता.

मी सव्वीस वर्षं दुचाकी दुरुस्त करतोय. अलीकडे माझ्याकडं येणाऱ्या कामात लांबच्या प्रवासाच्या तयारीचं काम बरंच वाढलंय. कुणाला लडाख, कुणाला कन्याकुमारी, कुणाला राजस्थान. पोरांची ही हौस मला मनापासून आवडते. स्वतःच्या गाडीवर बसून देश बघावा, यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण जवळजवळ प्रत्येकाचा बेत किलोमीटरवरून आखलेला असतो आणि तिथंच घोटाळा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की लांबचा प्रवास मुक्कामांवरून आखावा. आधी कुठं थांबायचं ते ठरवावं, मग त्या ठिकाणांना जोडणारा रस्ता बघावा. आणि दर पाच-सहा दिवसांमागं एक दिवस कोरा ठेवावा.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आमचं फलटण माउलींच्या पालखीच्या मार्गावर आहे. विमानतळाच्या मैदानावर पालखीतळ असतो आणि माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये दरवर्षी एक दिंडी उतरते. आदल्या दिवशी आम्ही गाड्या बाहेर काढतो, ऑइलचे डाग सोड्यानं धुतो, सतरंज्या अंथरतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि त्याला लागतात साधारण अठरा दिवस. दुपारचा विसावा कुठं, रात्रीचा मुक्काम कुठं, सगळं आधीपासून ठरलेलं. पुण्यात दोन मुक्काम, दिवेघाट चढून आल्यावर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. लाखो माणसं चालतात. पण शेडमध्ये टेकलेला माणूस आज किती चाललो हे सांगत नाही, उद्याचा मुक्काम कुठं ते सांगतो. एका वर्षी एका आजोबांच्या तळपायाला मी मलम लावत होतो. जुन्या फोडांची सालं निघाली होती. म्हणाले, "हे सासवडला सुकले. तिथं दोन रात्री टेकायला मिळतं, म्हणून इथवर आलो."

हे वाक्य मला आधी ऐकायला मिळालं असतं तर २०११ची ती रात्र टळली असती. तेव्हा मी आणि माझा एक मित्र दीडशे सीसीच्या दोन गाड्यांवर लडाखला निघालो. आमच्याही तक्त्यात कोरा दिवस नव्हता. जयपूरच्या पुढं मित्राच्या गाडीची क्लच वायर तुटली. रविवार होता, दुकानं बंद. अर्धा दिवस गेला. मंडीच्या पुढं दरड कोसळली आणि रस्ता मोकळा व्हायला दीड दिवस लागला. दोन दिवस बुडाले. ते भरून काढायचे म्हणून आम्ही वाटेतल्या केलाँगचा मुक्काम खोडला आणि मनालीहून एका दिवसात थेट सरचूला गेलो. मनाली समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर, सरचू जवळजवळ ४,३०० मीटरवर.

रात्री अकराला मित्राचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा उलटी झाली. पहाटे तो तंबूबाहेर गेला तेव्हा त्याचा तोल जात होता; सरळ रेषेत चार पावलं टाकता येईनात. नाव विचारलं तर क्षणभर थांबून सांगत होता. उंचीच्या आजारावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. पण सरचूची गोम अशी की तिथून खाली यायचं तर आधी वर चढावं लागतं. मागं बारालाचा ला ही खिंड, सुमारे ४,८९० मीटर. पुढं लेहच्या वाटेवर तांगलांग ला, ५,३०० मीटरच्या वर. जवळच्या लष्करी छावणीतल्या जवानांनी त्याला प्राणवायू दिला. उजाडल्यावर एका जीपवाल्यानं आपलं भाडं सोडून त्याला बारालाचा ओलांडून केलाँगला आणलं. मी मागून गाडी चालवत होतो आणि त्याच्या आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळी तो नीट बोलायला लागला. त्या वर्षी लेह राहिलं.

नंतर डॉक्टरांकडून नियम समजून घेतला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. म्हणजे केलाँगला आम्ही जो मुक्काम खोडला तो चैनीचा नव्हता, तो औषधाचा होता. तक्त्यात कोरा दिवस नसला की बुडालेला दिवस कुठून तरी वसूल केला जातो, आणि तो नेहमी विश्रांतीतूनच वसूल होतो. क्लच वायर तुटण्यात चूक नव्हती, दरड कोसळण्यातही नव्हती. मोकळा दिवस न ठेवण्यात होती.

२०१४ साली मी परत गेलो, तेव्हा श्रीनगरच्या बाजूनं. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आत, कारगिल सत्तावीसशेच्या आसपास, लेह साडेतीन हजार. या वाटेनं शरीर पायरी-पायरीनं चढतं. परत येताना मनालीची वाट धरली, तोपर्यंत अंग उंचीला सरावलं होतं. सरचूला त्याच ठिकाणी शांत झोप लागली.

सपाटीवरही हिशेब हाच आहे, फक्त तिथं उंचीच्या जागी थकवा असतो. मोबाइलचा नकाशा पावणेआठशे किलोमीटरला तेरा-चौदा तास दाखवतो. त्यात चहा नसतो, जेवण नसतं, पेट्रोलची रांग नसते, वापीजवळचा ट्रॅफिक नसतो, पाठ मोकळी करायला घेतलेली पंधरा मिनिटं नसतात. माझा अनुभव असा, की चांगल्या हमरस्त्यावर सगळे थांबे धरून तासाला पन्नास किलोमीटर पडतात, घाटात तीस-पस्तीस, लडाखच्या कच्च्या पट्ट्यात पंचवीस. आठ तास गाडीवर म्हणजे सपाटीला चारशे, डोंगरात अडीचशे, उंचावर दीड-दोनशे. याच्या पुढचं अंतर आपण अंगावर काढतो. दुपारी दोन ते चार आणि पहाटेच्या वेळी डोळ्यावर येणारी झापड चहानं जात नाही. चारचाकीत डुलकी लागली तर निदान भोवती पत्रा असतो. दुचाकीवर तेवढाही नसतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. पगारी चालकासाठी २०२५ पर्यंत १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं तो सांगत होता. मालमोटारीच्या चालकाला जो नियम माणुसकीचा वाटतो, तो हौसेनं निघालेल्या आपल्या पोराला का लावू नये? त्याच्या डोक्यावर मालक नाही, म्हणून नियम त्यानं स्वतःच स्वतःला घालायला हवा.

आता गाडीबद्दल. त्या तरुणाची गाडी मी मधल्या स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. चेन एका जागी सैल होती, अर्ध्या फेऱ्यानंतर ताठ. मागच्या चक्राच्या मधोमध चेन चिमटीत धरून बाहेर ओढली तर दात्याचा अर्धा भाग दिसला. पुढच्या लहान चक्राचे दाते विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकले होते. ही चेन इथं-तिथं चालली असती, पण लडाखला तुटली असती. चेन आणि दोन्ही चक्रं एकदम बदलली. नुसती चेन बदलली तर जुने दाते नव्या चेनला महिनाभरात खातात. त्याला चिमटीत चेन धरून बघायला शिकवलं. दर पाचशे किलोमीटरला चेनला ल्युब द्यायचं, ते मुक्कामावर पोचल्या-पोचल्या, चेन गरम असताना. हे काम करायलासुद्धा उजेडी मुक्कामावर पोचलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सुटे भाग. नवी क्लच वायर बॅगेत तळाशी ठेवू नये. जुन्या वायरीच्या शेजारूनच ओवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवावी. जुनी तुटली की टोकं बदलायची, दहा मिनिटांत गाडी चालू. ॲक्सिलरेटरची वायर, प्लग, फ्यूज, चेनचं जॉइंट लॉक, पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा छोटा पंप, एवढं सगळं एका पिशवीत मावतं. तिसरी गोष्ट, सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या संध्याकाळी करू नये. निदान दोन आठवडे आधी करावी आणि मग सगळं सामान बांधून दोन-अडीचशे किलोमीटर गाडी फिरवून आणावी. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, नवे ब्रेक पॅड बसायला वेळ घेतात, नवी चेन सुरुवातीला ताणली जाते. हे सगळं इथं घराजवळ होऊ द्यावं. नवं हेल्मेट आणि नवे बूटही आधी वापरून बघावेत. कानामागं टोचणारं हेल्मेट माणूस तिसऱ्या दिवशी हातात अडकवून चालवायला लागतो. हेल्मेटवर आयएसआय शिक्का हवा आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा.

कागदपत्रं फोनमध्ये असली तरी लायसन, आरसी, विमा आणि पीयूसीच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. मनालीच्या वाटेवर टांडीचा पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी तिथं मी स्वतः वाचली आहे. चढाला मायलेज घटतं हे धरून कॅन भरावा. उन्हाळ्यात त्या रस्त्यावरच्या ओढ्यांना दुपारनंतर बर्फाचं पाणी वाढतं, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत. म्हणजे पुन्हा मुक्कामच आला. ओढ्याच्या अलीकडं झोपायचं की पलीकडं, हे किलोमीटरच्या तक्त्यात दिसत नाही.

हे सगळं उत्तम जमवलेलं उदाहरणही माझ्या डोळ्यांसमोर आहे. इथल्याच एका शाळेतल्या बाई दिवाळीच्या सुट्टीत एकट्या स्कूटरवर कन्याकुमारीला जाऊन आल्या. रोज अडीचशेच्या आसपास चालवायचं, चारच्या आत मुक्काम, खोली आधी सांगून ठेवलेली. मुक्कामांची यादी घरी भावाकडं आणि एक प्रत माझ्याकडं. जाता-येता एक-एक दिवस कोरा. दिवाळीच्या सुमारास तिकडं ईशान्य मोसमी पाऊस असतो, हे त्यांनी आधीच धरलं होतं. नागरकोइलला पाऊस लागला तेव्हा त्या दिवसभर खोलीत बसल्या, कपडे वाळवले, मालकिणीकडून अप्पम शिकल्या. परत आल्यावर गाडी दाखवायला आणली. तीन हजार किलोमीटर झालेले, पण ब्रेक, टायर, चेन, सगळं शाबूत. "मिस्त्री, एकदाही घाई झाली नाही," एवढंच म्हणाल्या. माझ्या मते हा या तालुक्यातला सगळ्यात चांगला प्रवास. पण त्यांना कुणी हार घातला नाही.

हार घातले जातात ते एका दिवसात हजार किलोमीटर केलेल्यांना. चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर चालवल्याचं प्रमाणपत्र मिळवायची चढाओढही आहे. ज्यांना तेच करायचंय त्यांनी त्याची वेगळी तयारी करावी, तो निराळा विषय आहे. पण तोच आकडा देश बघायला निघालेल्या विशीतल्या पोरांच्या तक्त्यात पहिल्या दिवशी येऊन बसतो, याचं मला वाईट वाटतं. रायडिंग ग्रुप चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की कौतुक करायचंच तर उजेडी मुक्कामाला पोचलेल्याचं करा. दरडीजवळून मागं फिरला त्याचं करा.

दुसरी विनंती साहेबलोकांना. पंधरा दिवसांच्या रजेत दोन दिवस वाढवून मागणारा कर्मचारी कामचुकार नसतो. ते दोन दिवस त्याला थकलेल्या अंगानं रात्री गाडी चालवण्यापासून वाचवतात. गाडी विकणाऱ्यांनाही सांगणं आहे. नवी गाडी देताना फुगे लावून फोटो काढता, त्यातली पंधरा मिनिटं चेन, हवा आणि ब्रेक बघायला शिकवण्यात घालवा. आणि सरकारकडं एक मागणी. द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, ती ठीक. मग ज्या रस्त्यांवर दुचाकी चालते तिथं दर चाळीस-पन्नास किलोमीटरला सावली, पाणी आणि बायकांना निर्धास्त वापरता येईल असं स्वच्छतागृह द्या. जागा असली तरच माणूस थांबेल.

त्या तरुणाबरोबर मी बाकड्यावर बसून तक्ता परत मांडला. सुट्टी पंधराच दिवसांची, ती वाढणार नव्हती. मग अंतर कमी करायचं. गाडी पाच दिवस आधी पुण्याहून जम्मूला रेल्वेच्या पार्सलनं; टाकी रिकामी करून, आरसीची प्रत लावून. तो स्वतः रेल्वेनं, दोन दिवस. मग जम्मू ते श्रीनगर, तिथं एक कोरा दिवस. कारगिल, लेह. लेहला एक दिवस नुसता आराम. नुब्राला जाऊन-येऊन दोन दिवस. परत एक कोरा. मग सरचूला एक मुक्काम करून मनाली, पुढं चंडीगड, आणि तिथून दोन दिवसांत रेल्वेनं घर. पँगाँग खोडलं.

तो बराच वेळ गप्प होता. "काका, मग ही फलटण ते लेह राईड नाही म्हणता येणार," म्हणाला. मी सांगितलं, "नाही म्हणता येणार. पण जी होईल ती तू नीट बघशील. पँगाँग कुठं जात नाही. पुढच्या वेळी जा." मग त्याला सरचूची गोष्ट सांगितली. तीच, जी वर लिहिली आहे.

रविवारी त्यानं सगळं सामान बांधून महाबळेश्वरपर्यंत गाडी फिरवून आणली. पसरणीच्या घाटात मागची बॅग एका बाजूला सरकली, म्हणून बांधायचे पट्टे बदलले. मागच्या टायरची हवा सामानाच्या वजनाप्रमाणं वाढवली. परवा तो मुक्कामांच्या यादीच्या दोन छापील प्रती घेऊन आला. वर त्याचा रक्तगट, विम्याचा नंबर, खाली ११२ आणि महामार्गाच्या मदतीचा १०३३. एक प्रत माझ्या भिंतीवर चिकटवली, दुसरी त्याच्या आईसाठी. त्याही बरोबरच आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मधेच बोट ठेवून विचारलं, "इथं काहीच लिहिलेलं नाही की रे. या दिवशी तू कुठं असणार?"

"आदल्या दिवशी जिथं असेन तिथंच, आई," तो म्हणाला. "त्या दिवशी थांबायचंय."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.